सूर निजवताना

१

लग्नासाठी मी तिला एका भेटीत होकार दिला आणि पेडलसाठी महिनाभर दुकानाचे हेलपाटे घालतो, असं समीक्षा सगळ्यांना हसून सांगते. ते खरंच आहे. बायकोच्या बाबतीत मला शंका नव्हती. पेडलच्या बाबतीत माझं समाधान सहसा होत नाही.

मी बास गिटार वाजवतो. गिटार आणि अँप्लिफायरच्या मधे जोडायची, आवाज बदलणारी पायाखालची डबी म्हणजे पेडल. हळदीचे कार्यक्रम, यात्रा, गणपती, कारखान्याचा स्नेहमेळावा, जिथं बोलावतील तिथं आमचा ऑर्केस्ट्रा जातो. लोक गायिकेकडं बघतात, ड्रमवाल्याकडं बघतात, बासवाल्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. आष्ट्याला आमचे वडील फौजेतून आल्यापासून ऊस बघतात. त्यांच्या लेखी मी चार तारांचा तंबोरा घेऊन गावोगाव हिंडणारा माणूस आहे. म्हणून आवाज तरी असा हवा की मांडवात मागं बसलेल्याच्याही छातीत उतरला पाहिजे, हा माझा हट्ट. चिडचिडा हट्ट म्हणा हवं तर.

त्यात आता घरात आणखी एक ऐकणारं होतं. समीक्षा आमच्याच ऑर्केस्ट्रात गाते. तिला सातवा लागला होता, आणि मी बासची सगळ्यात जाड तार छेडली की पोटातलं बाळ लाथ मारायचं. आम्ही त्याला 'मेंबर' म्हणायचो. दुकानदार मानसिंगदादा एकेक पेडल दोन दिवस वापरून बघायला द्यायचे, आणि मी ते घरी आणून मेंबरची पसंती घ्यायचो. खालचा सूर जोडणाऱ्या ऑक्टेव्हला मेंबर गप्प बसलं. आवाज फाडणाऱ्या ओव्हरड्राइव्हला त्यानं इतक्या लाथा मारल्या की समीक्षाच म्हणाली, "बंद करा ते. चिडलंय."

शेवटी राहिला कॉम्प्रेसर. तो दणका जरा दाबतो आणि विरत चाललेल्या आवाजाला खालून टेकू देतो. त्यामुळं सूर लांबतो. मानसिंगदादांनी माझ्यासमोर खोकं फोडलं.

"हे घे. नवं कोरं हाय. आजून कुनी हात लावल्याला न्हाई."

मी हेडफोन चढवून जाड तार छेडली आणि डोळे मिटले. सूर गेला, गेला, आणि संपायच्या आधी तसाच राहिला. किती सुंदर राहिला होता तो! दादांनी खांद्याला हात लावला तेव्हा मी दचकलो.

"काय ऐकतोयस येवढं? तार थांबून लय येळ झाला."

मी तारेकडं पाहिलं. ती हलत नव्हती. हेडफोनमध्ये सूर होता. "हाच देऊन टाका, दादा," मी म्हणालो.

२

प्रॅक्टिसला आम्ही माधवनगरात एका बंद पडलेल्या मागाच्या शेडमध्ये जमतो. माग भंगारात गेले, पण ते जिथं उभे होते तिथले बोल्ट अजून फरशीतून वर आलेले आहेत. पायात चप्पल नसली की ठेच ठरलेली. वर पत्रा, भिंतीत उंचावर जाळीच्या खिडक्या. दुपारी उन्हानं पत्रा तडतडतो, तेवढाच काय तो आवाज.

त्या दुपारी मी आणि गुंडाच होतो. गुंडा आमचा ड्रमवाला, जतकडचा धनगर. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ढोल. ड्रमसेट घेतला तरी त्याची एक खोड गेली नाही. वाजवून झालं की तो मोठ्या ड्रमच्या कातड्यावर तळहात पसरून ठेवतो, आणि आतली थरथर पूर्ण थांबेपर्यंत काढत नाही. त्याला तो 'निजवणं' म्हणतो. आमच्या घरात ढोल निजवल्याशिवाय खाली ठेवत न्हाईत, एवढंच त्याचं उत्तर. कार्यक्रमानंतर सगळे जेवणाकडं पळतात आणि हा ड्रमवर हात ठेवून बसलेला असतो. आम्ही त्याला यावरून खूप छळतो.

बासलाही खरं तर तेच करायचं असतं. शेवटचा सूर झाला की तारांवर तळहात टेकवायचा. पहिल्या धड्यात शिकवतात. पण नवा कॉम्प्रेसर हाती असताना सूर दाबून टाकायचा म्हणजे पक्वान्न वाढून ताट ओढून घेण्यासारखं झालं. मी शेवटी जाड तार छेडली आणि दोन्ही हात वर केले. सूर शेडभर पसरला. पत्र्याची तडतड त्याखाली बुडाली.

तेवढ्यात समीक्षाचा फोन आला. येताना खारे शेंगदाणे आणा, मेंबरला पाहिजेत. मी बोलत बोलत जॅक उपटला, अँप बंद केला, गिटार पिशवीत कोंबली.

"आरं, निजव की त्ये!" गुंडा म्हणाला.

"निजतंय आपोआप. वायर काढली की मी."

गुंडा ड्रमशीच बसून राहिला. त्याचा तळहात ड्रमवर होता. आपण निघेपर्यंत तो काढेल म्हणून मी दारात थांबलो, पण तो काढेना. कपाळाला आठ्या घालून कातड्याकडं बघत राहिला.

"थांबत न्हाई गड्या," तो म्हणाला. "हातालाच लागतंय आजून."

पलीकडच्या गल्लीत कुठं तरी माग चालू असणार, फरशीतून धक्के येत असणार, असं मी म्हणालो. माधवनगरात असे माग अजून थोडे आहेत. पण त्या दिवशी मागांना सुट्टी होती, हे मला शेंगदाणे घेताना दुकानदाराकडून कळलं.

३

सांगलीत आमच्या भाड्याच्या दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत माझी गिटार, आतल्या खोलीत स्वयंपाक आणि भांड्यांची स्टीलची मांडणी. समीक्षानं दार उघडलं आणि शेंगदाण्यांआधी विचारलं, "आवं, तुमी येताना गुणगुणत होता का?"

"मी? माझा गळा तुला ठाऊक आहे."

"मग कोण गुणगुणतंय?"

आम्ही दोघं आतल्या खोलीत उभे राहिलो. मांडणीतल्या ताटल्या एकमेकींना लागून बारीक झिणझिणत होत्या. त्या झिणझिणीच्या खाली एक लांब, जाड सूर होता. कानांपेक्षा तो दातांना जास्त कळत होता. माझा कान चुकत नाही. तो माझ्या जाड तारेचा सूर होता.

मी कारणं शोधणारा माणूस आहे. मी फ्रिज बंद केला. पंखा बंद केला. वरच्या मजल्यावर जाऊन टाकीची मोटर बघून आलो. रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर जातात म्हणून खिडकीशी उभा राहिलो, पण एकही गेला नाही. शेवटी गिटार पिशवीतून काढून चारही तारा तळव्यानं दाबून धरल्या. त्या गारठलेल्या आणि गप्प होत्या. ताटल्या झिणझिणतच होत्या.

"मेंबर काय म्हणतंय?" विषय बदलायला मी विचारलं.

समीक्षानं पोटावर हात ठेवला. "ऐकतंय," ती म्हणाली. "एकदम टक लावल्यावाणी ऐकतंय."

मला ते आवडलं नाही, आणि का आवडलं नाही तेही सांगता येईना. मी ताटल्यांच्या मधे फडकी कोंबली आणि जेवायला बसलो.

४

पुढचा कार्यक्रम मलकापूरला होता. भर दुपारची हळद, मांडवात पिवळे झालेले पाहुणे आणि पहिल्या गाण्यापासून नाचायला उभे. मला बरं वाटलं. माणसांच्या गर्दीत असल्या गोष्टी टिकत नाहीत.

तिसऱ्या गाण्यात लक्षात आलं की सूर माझ्या आधी येतोय. बोट तारेला लागायच्या आत तो मांडवात पोचलेला असायचा, आणि मी त्याच्या मागून त्याच्यावर नेमका जाऊन पडायचो. मी मुद्दाम एक जागा सोडली, बोट उचललंच नाही. ती जागा भरली गेली. गुंडानं चमकून माझ्याकडं पाहिलं. मी दोन्ही हात त्याला दाखवले. त्याचा चेहरा उतरला, पण हात थांबले नाहीत. हळदीत ताल थांबवला तर पाहुणे स्टेजवर चढतात.

आणि लोक बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा लोक बासवाल्याकडं बघत होते. एक काका तर दोन्ही हात छातीवर ठेवून डोळे मिटून उभे होते. मला आनंद झाला, हे कबूल केलं पाहिजे. भीती वाटत होती आणि छाती फुगत होती, दोन्ही एकाच वेळी.

समीक्षा दुसऱ्या कडव्यात गाताना थांबली. माईक तोंडाशी तसाच होता. तिचे ओठ मिटलेले होते, तरी माईकमधून आवाज येत होता. जाड, लांब, एकसारखा.

मी धावलो. तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं.

"मला काय झालं न्हाई," ती म्हणाली. "पर छातीत गुणगुण व्हाय लागलीया. मी करत न्हाई, आपोआपच व्हतंय." मग पोटावर हात दाबून ती माझ्याकडं बघत राहिली. "आवं, मेंबरनं सकाळपास्नं लाथ मारली न्हाई."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि गुंडा मानसिंगदादांच्या दुकानात गेलो. पेडल टेबलावर आपटूनच मी म्हणालो, "हे परत घ्या. ह्याच्यात काही तरी आहे."

दादांनी शांतपणे चार स्क्रू काढले, झाकण उघडलं, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि बराच वेळ आत बघितलं. मग त्यांनी बारीक पकडीनं एक लाल वायर उचलली. तिचं दुसरं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं.

"ह्यात काय बी न्हाई, राजवर्धन," ते म्हणाले. "कंपनीतनंच वायर जोडायचा डाग मारायचा ऱ्हायलाय. दिवा तेवढा लागतोय. आवाज हिकडनं आत जातोय आन्‌ तसाच तिकडनं भाईर येतोय. ह्या पेडलनं आजवर काय केलंच न्हाई."

"मग सूर लांबत होता तो?"

"तू लांबीवलास म्हन की."

ते हसले. मी हसलो नाही. पेडलमध्ये काही असतं तर किती बरं झालं असतं! ते मी कृष्णेत फेकून आलो असतो.

बाहेर टपरीवर गुंडानं चहा घेतला, पण प्याला नाही. मी पेडल बदलून दुसरं घेऊ का, अँपचं अर्थिंग तपासू का, असलं काहीबाही बोलत होतो. त्यानं मला मधेच तोडलं.

"तू त्यो सूर निजवला न्हाईस. शेडमदी."

"अरे, वायर काढली मी!"

"वायर काढली म्हंजी जागा काढलीस त्येची. त्यो उठलेला हाय आन्‌ त्येला बसाय जागा न्हाई. जितं थरथर लागंल तितं बसतोय."

"हे तुझ्या बापानं सांगितलं?"

"बापानं काय सांगितलं न्हाई. हात ठिवायला शिकीवलं, तेवढंच." तो गंभीर होता. त्याला मी कधीच इतकं गंभीर पाहिलं नव्हतं. "घरी जा. जितं थरथरत आसंल तितं तळहात ठेव. थांबंपातूर काढू नगंस. मधीच काढलास तर मग न्हाई निजायचं."

६

मला त्याचं पटलं नव्हतं. तरी मी घरी आल्या आल्या भांड्यांच्या मांडणीवर तळहात ठेवला.

ताटल्या गप्प झाल्या. मला हसू फुटलं, इतकं सोपं होतं तर! मग खिडकीची काच वाजायला लागली. काचेवर हात ठेवला. ती थांबली आणि पाण्याचं पिंप घुमू लागलं. पिंपावरून कपाट, कपाटावरून दाराची कडी. मी दोन खोल्यांतून आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखा हात पुढं करून फिरत होतो, आणि प्रत्येक वस्तू माझ्या हाताखाली निजत होती. शेवटी घरात काहीही वाजत नव्हतं.

सूर होता.

समीक्षा आतल्या खोलीत कुशीवर झोपली होती. मी तिच्यामागं बसलो आणि पाठीच्या मधोमध तळहात टेकवला. तो तिथं होता. तिच्या श्वासाखाली, बरगड्यांच्या आत, गुरगुरत नव्हता की त्रास देत नव्हता, नुसता होता. माझाच सूर, माझ्याच बोटातून सुटलेला. मला रडू आलं. मी हात पसरून नीट ठेवला आणि थांबलो.

तो मंद होऊ लागला. मी डोळे मिटले. आणखी मंद झाला. पेडल निवडताना कान जसे शेवटच्या टोकापर्यंत जायचे तसे ते आपोआप त्याच्या मागं गेले, म्हणूनच मला उशिरा कळलं की त्याच्याबरोबर तिचा श्वासही जातोय. पाठ वर येत नव्हती. हाताखाली सगळंच थांबत आलं होतं.

मी हात झटकन काढला. समीक्षा मोठ्यानं श्वास घेत उठून बसली, आणि सूर पहिल्यापेक्षा दुप्पट होऊन खोलीत भरला.

"काय केलंत वो?" ती घाबरून म्हणाली. "मला आत कुठंतरी खाली गेल्यावाणी झालं."

"काही नाही," मी म्हणालो. "काही करणारही नाही. वाजू दे."

मी मनाशी ठरवूनच टाकलं. आयुष्यभर ऐकू. त्याची सवय होईल. रेल्वेच्या रुळाशेजारी माणसं राहतातच की. ती श्वास घेतेय ना, बास.

पण मेंबर अजूनही लाथ मारत नव्हतं.

७

दुसऱ्या दिवशी मिरजेच्या दवाखान्यात सकाळची गर्दी होती. डॉक्टर मॅडम चांगल्या होत्या, त्यांनी मलाही आत येऊ दिलं. समीक्षाला सोनोग्राफीच्या टेबलावर झोपवलं, पोटाला तो गार चिकट पदार्थ लावला. मी तिचा हात धरून उशाशी उभा होतो. स्क्रीन माझ्याही बाजूला वळवलेली होती.

"हालचाल कमी वाटतेय म्हणता? बघू या." त्यांनी बटण फिरवलं आणि स्पीकरमधून टपटपटप असा घाईघाईचा आवाज खोलीभर झाला. "हे बघा. बाळाचे ठोके एकदम छान आहेत. उगीच घाबरलात."

 समीक्षा रडत हसली. मी तिच्या केसांवरून हात फिरवला, आणि वाटलं, संपलं सगळं, आपण वेडे आहोत.

मग डॉक्टरांनी हातातलं यंत्र जरा सरकवलं आणि दुसरे ठोके लागले. सावकाश, खोल.

"आणि हे आईचे. कधी कधी दोन्ही पकडले जातात."

त्या सावकाश ठोक्यांच्या खाली तो होता. डॉक्टरांनाही ऐकू येत असावा, कारण त्या मशीनच्या मागं वायरकडं बघून आल्या.

"अरे वा," त्या परत स्क्रीनकडं बघत म्हणाल्या. "हात दाखवतंय बघा. टाटा करतंय बाबांना."

करड्या अंधारात एक हात होता. पाच बोटं पसरलेली, तळवा आमच्याकडं. मी खूप वेळ बघितलं. टाटा करणारा हात हलतो. हा हलत नव्हता. तो आतून भिंतीला टेकवलेला होता, नीट, बोटं फाकवून, जोर देऊन. वाजवून झाल्यावर गुंडाचा असतो तसा.

किती दिवस ऐकत होतं ते! सूर आम्हाला बाहेरून दातांना लागत होता, बाळ तर त्याच्या आतच बसलेलं होतं. झोप लागत नसेल त्याला. मी जे करायला भ्यालो ते त्यानं आपणहून केलं होतं. थरथर लागली तिथं हात ठेवला होता.

"आवं," समीक्षा म्हणाली. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा झाला होता. "बरं वाटाय लागलं. ती गुणगुण कमी व्हाय लागली बघा."

स्पीकरमधला सूर बारीक होत चालला होता. घाईघाईची टपटप तशीच होती. सावकाश ठोके एकेकानं लांब पडत होते.

"छान झोप येतीया," ती म्हणाली. माझ्या हातातली तिची बोटं सैल पडली. ती गार होती.

डॉक्टरांनी आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं. "समीक्षा? डोळे उघडा बघू. सिस्टर, इकडं या जरा. समीक्षा!"

कुणीतरी मला दंडाला धरून मागं ओढत होतं. मी स्क्रीनकडं पाहिलं. हात जागचा हलला नव्हता. बाळाला कुणी शिकवलं नव्हतं, आणि थरथर थांबेपर्यंत ते हात काढणार नव्हतं.

मी धरणाऱ्याला ढकललं, टेबलावर वाकलो आणि त्या गार, चिकट पोटाला तोंड लावलं.

"हात काढ बाळा," मी म्हणालो. "हात काढ. आई हाय ती."